महापौर, कैदी आणि पासवर्ड : हरवलेल्या किल्लीचा इतिहास

१/ २१ जुलै २००८. सॅन फ्रान्सिस्को शहराचे महापौर गॅव्हिन न्यूसम तुरुंगात एका कैद्याच्या भेटीस गेले. कैदी त्यांच्याच प्रशासनातील नेटवर्क अभियंता होता, नाव टेरी चाइल्ड्स. त्याच्यावर ना खुनाचा आरोप होता, ना लाचखोरीचा. शहराच्या राउटरचे व स्विचचे पासवर्ड त्याला ठाऊक होते आणि ते तो वरिष्ठांना सांगत नव्हता. जामिनाची रक्कम होती ५० लाख डॉलर. महापौर स्वतः समोर येऊन बसले, तेव्हा कुठे त्याने ते सांगितले. #थ्रेड

२/ यंत्रे शहराच्या मालकीची, शहराच्याच इमारतींत ठेवलेली. पैसा शहराचा, वीज शहराची. तरीही त्यांत शिरण्यासाठी महापौरांना तुरुंगाची पायरी चढावी लागली. हे कसे घडले, ते समजून घेण्यासाठी एक जुना प्रश्न उलगडावा लागतो : पासवर्ड हरवला, विसरला, किंवा तो जाणणारा माणूसच निघून गेला, तर यंत्राच्या मालकाने आत कसे जावे? ह्या सोयीचा इतिहास पासवर्डच्या इतिहासाइतकाच रोचक आहे, परंतु त्याची चर्चा फारच थोडी होते.

३/ आरंभ एमआयटीमधून करू. १९६१ साली तेथे फर्नांडो कॉर्बाटो ह्यांच्या चमूने 'सीटीएसएस' ह्या प्रणालीचे पहिले प्रात्यक्षिक दाखविले. एकच महाकाय संगणक आणि तो वाटून वापरणारी अनेक माणसे. प्रत्येकाच्या फायली निराळ्या, प्रत्येकाला मिळणारा वेळही मोजून दिलेला. मग हा कोण आणि तो कोण, हे यंत्राने ओळखायचे कसे? ज्याला-त्याला एक गुप्त शब्द देण्यात आला. हेतू मुख्यतः हिशेबाचा होता.

४/ हा हिशेब वर्षभरातच चुकविला गेला. ॲलन शेर ह्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारा संगणकाचा वेळ अपुरा पडत होता. १९६२ मध्ये त्याने सर्व पासवर्ड साठविलेली फाईल छापून देण्याची विनंती छिद्रित कार्डावर लिहून एका शुक्रवारी रात्री यंत्राकडे दिली. शनिवारी सकाळी छापील यादी त्याच्या हाती होती. यंत्राने विचारलेच नाही की ही यादी कशासाठी हवी.

५/ त्याच प्रणालीवर पुढे एके दिवशी आणखी मौज घडली. एक व्यवस्थापक स्वागताचा संदेश संपादित करीत होता, दुसरा त्याच वेळी पासवर्डची फाईल. संपादनाची प्रणाली दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाईल वापरीत असल्यामुळे दोहोंची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कोणी संगणकावर येई, त्याचे स्वागत सर्वांच्या पासवर्डनी होई. ही हकीकत स्वतः कॉर्बाटो ह्यांनीच ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितली.

६/ धडा स्पष्ट होता. पासवर्ड आहे तसा लिहून ठेवणे हाच मूळ दोष. १९७९ साली बेल लॅब्जमधील रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन ह्यांनी युनिक्सवरील उपायाचा इतिहास एका निबंधात मांडला. पासवर्ड एका एकमार्गी गणिती प्रक्रियेतून काढायचा आणि जे बाहेर पडेल तेवढेच साठवायचे. गव्हाचे पीठ होते, पिठाचा गहू होत नाही, तसे. शिवाय प्रत्येक पासवर्डमध्ये थोडी यादृच्छिक अक्षरे मिसळायची, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ निराळे निघते. ह्या मिसळीला त्यांनी नाव दिले 'सॉल्ट'. पिठात मीठ! हे नाव मराठी माणसाला तरी समजावून सांगावे लागू नये.

७/ त्याच निबंधात त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डची तपासणी आहे. त्यांपैकी ८६ टक्के सहज ओळखता येण्याजोगे होते. १५ जणांचा पासवर्ड तर केवळ एका अक्षराचा. (जाता जाता : ह्याच मॉरिस ह्यांच्या मुलाने नोव्हेंबर १९८८ मध्ये जो 'वर्म' सोडला आणि बाल्यावस्थेतील इंटरनेट ज्यामुळे ठप्प झाले, त्याच्या शस्त्रांपैकी एक होते पासवर्डचा अंदाज बांधणे.)

८/ परंतु आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे तो ह्या शोधाचा दुसरा परिणाम. पासवर्ड पीठ होऊन साठविला गेला की तो यंत्रालाही ठाऊक नसतो. म्हणजे विसरलेला पासवर्ड 'परत मिळणे' ही गोष्टच संपली. जुना पुसून नवा बसविणे एवढाच मार्ग उरला. आणि नवा बसवायचा, तर जुना न सांगता आत शिरू देणारे एखादे दार यंत्रात असलेच पाहिजे. ते दार कुठे ठेवायचे?

९/ नेटवर्कच्या यंत्रांत ह्या प्रश्नाचे जे उत्तर सर्वत्र रूढ झाले, ते समजून घेण्यासाठी सिस्कोकडे वळू. १९८४ साली लेन बोसॅक व सँडी लर्नर ह्या स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित दांपत्याने ही कंपनी स्थापन केली. कंपनीचे नाव म्हणजे 'सॅन फ्रान्सिस्को' ह्या नावाचे शेपूट, आणि बोधचिन्हात तेथील गोल्डन गेट पूल. पुढे येणाऱ्या हकीकतीच्या दृष्टीने हा योगायोग ध्यानात असू द्यावा.

१०/ राउटरला ना पडदा असतो, ना कळफलक. त्याच्याशी बोलण्याचे मार्ग मुख्यतः दोन. एक म्हणजे 'कन्सोल' : यंत्राच्या अंगावरील एका खोबणीत केबल खोवायची आणि दुसरे टोक आपल्या संगणकाला लावायचे. दुसरा म्हणजे दुरून, नेटवर्कवरून येणे. आत गेल्यावर आणखी एक उंबरठा लागतो. पहिल्या पायरीवर केवळ पाहता येते, बदल करायचा असल्यास 'एनेबल' हा आदेश देऊन दुसरा पासवर्ड सांगावा लागतो.

११/ ह्या रचनेत निर्मात्यांची एक श्रद्धा दडलेली आहे. सिस्कोच्या जुन्या राउटरवर दुरून येण्यासाठीचा पासवर्ड ठरविलेलाच नसेल, तर राउटर दुरून येणाऱ्यास आत घेत नाही. पासवर्ड आवश्यक आहे पण नेमलेला नाही, असे सांगून तो संपर्क तोडतो. कन्सोलवर मात्र पासवर्ड नेमलेला नसेल, तर दार सताड उघडे. जो दुरून येतो तो परका, जो यंत्रापाशी उभा आहे तो घरचा, असा हा हिशेब.

१२/ पासवर्ड साठविण्याच्या बाबतीत मात्र युनिक्सचा धडा येथे अर्धवटच गिरविला गेला. 'टाइप ७' म्हणून ओळखली जाणारी पद्धत ही व्हिजनेर ह्या शतकानुशतके जुन्या सांकेतिक लिपीचाच एक प्रकार. वर तिची किल्ली प्रत्येक यंत्रात एकच. १९९० च्या दशकातच ती उलगडणाऱ्या छोट्या प्रणाली सर्वत्र फिरू लागल्या. कंपनीचे म्हणणे असे की, मागे उभ्या असलेल्या माणसाने डोकावून पासवर्ड वाचू नये, एवढ्यापुरतीच ही सोय होती. म्हणणे खरे असेल, पण ज्या आदेशाने ती चालू होते त्याच्या नावात 'एन्क्रिप्शन' हा भारदस्त शब्द होता आणि असंख्य अभियंत्यांनी त्यावरच विश्वास टाकला.

१३/ दुसरीकडे 'एनेबल सीक्रेट' ह्या आदेशाखालचा पासवर्ड मीठ घालून, एकमार्गी प्रक्रियेतूनच साठविला जाई. ही 'टाइप ५' पद्धत पुरेशी सक्षम होती. तिच्याहून सरस म्हणून आणलेल्या 'टाइप ४' मध्ये मीठ घालायचेच राहून गेले आणि हजार वेळा करायची प्रक्रिया एकदाच झाली, हे २०१३ मध्ये उघडकीस आले. नवे कुलूप जुन्याहून कच्चे निघाले. ते मागे घ्यावे लागले.

१४/ आता मूळ प्रश्न : 'एनेबल सीक्रेट' विसरला तर काय? येथे एक सुंदर युक्ती आहे. राउटरची सगळी मांडणी, म्हणजे कोणती तार कुठे जाते, कोणाला कोणता मार्ग, आणि पासवर्डसुद्धा, एका कायमस्वरूपी स्मृतीत साठविलेली असते. राउटर सुरू होताना ती वाचतो. ती वाचायची की नाही, हे ठरविणारा एक छोटा आकडा मात्र तिच्या बाहेर, निराळा ठेवलेला असतो. नेहमी तो २१०२ असतो. तो २१४२ केला की राउटर जागा होतो, पण मांडणी वाचत नाही. कारखान्यातून नुकता आल्यासारखा कोरा. आणि कोऱ्या यंत्राला पासवर्ड कुठला?

१५/ म्हणून रीत अशी. कन्सोलची केबल लावायची. राउटरची वीज बंद करून पुन्हा चालू करायची आणि पहिल्या मिनिटाच्या आत 'ब्रेक'चा संकेत पाठवायचा. राउटर अर्धवट जागा होऊन थांबतो. आकडा २१४२ करायचा, पुन्हा सुरू करायचे. आता न विचारता आत प्रवेश मिळतो. मग साठविलेली जुनी मांडणी हाताने चालू स्मृतीत आणायची, नवा पासवर्ड नेमायचा, बंद पडलेली जोडणीस्थाने उघडायची, आकडा पूर्ववत २१०२ करायचा आणि सारे जतन करायचे. मधली पायरी घाईत उलटी केली, म्हणजे कोरी मांडणीच जुन्या मांडणीवर चढविली, तर पासवर्डच्या प्रश्नासह सगळे नेटवर्कच पुसले जाते. ह्या पायरीवर रात्री घाम फुटलेले अभियंते जगभर सापडतील.

१६/ ही रीत गुप्त नव्हती. कंपनीच्याच कागदपत्रांत ती खुलेपणाने छापलेली होती. तिचे संरक्षण कोणत्याही गणितात नव्हते. ते होते त्या खोलीच्या दारावरील साध्या पितळी कुलपात. जो राउटरपर्यंत पोहोचला आणि ज्याने त्याची वीज बंद करून पाहिली, तो मालक. चोर त्या खोलीत शिरला तर तोही मालक!

१७/ हे ज्यांना खटकले त्यांच्यासाठी आणखी एक आदेश आला : 'नो सर्व्हिस पासवर्ड-रिकव्हरी'. तो दिला की ब्रेकची युक्ती निकामी होते. यंत्र अजूनही हाती लागते, पण एकाच अटीवर, आतील सगळी मांडणी पुसून टाकण्याच्या. चोराला रिकामा डबा मिळेल. मात्र त्या मांडणीची प्रत अन्यत्र नसेल, तर मालकाच्या हातीही रिकामाच डबा येतो.

१८/ आता पुन्हा सॅन फ्रान्सिस्को. शहराचे 'फायबरवॅन' नावाचे नेटवर्क पोलीस, तुरुंग, वेतन, न्यायालये अशा अनेक विभागांना जोडीत होते. त्याची उभारणी मुख्यतः चाइल्ड्सच्या हातून झाली. तो कुशल होता, कष्टाळू होता, रात्री-अपरात्री हाकेला धावून जाणारा होता. हळूहळू त्या नेटवर्कच्या गाभ्यातील यंत्रांचे पासवर्ड ठाऊक असलेला एकमेव माणूसही तोच उरला. त्याच्या वरिष्ठांनी हे वर्षानुवर्षे चालू दिले, हे विसरता कामा नये.

१९/ चाइल्ड्सने पासवर्ड-पुनर्प्राप्तीची सोय बंद केली होती. काही यंत्रांची मांडणी कायमस्वरूपी स्मृतीत जतनच केलेली नव्हती. ती केवळ चालू स्मृतीत होती, म्हणजे वीज गेली की संपली. चोराच्या दृष्टीने पाहता ही कडेकोट व्यवस्था. पण ज्या युक्तीत पहिली पायरीच 'वीज बंद करा' ही आहे, ती येथे वापरणार कशी? आपण उभारलेल्या रचनेचा कॉपीराइट मिळावा म्हणून त्याने अर्जही केला होता. 'माझे नेटवर्क' ह्या शब्दांतील 'माझे' हळूहळू शब्दशः खरे होत गेले होते.

२०/ २००८ च्या उन्हाळ्यात सुरक्षा-तपासणीवरून त्याचे आणि वरिष्ठांचे बिनसले. ९ जुलैला त्याला एका बैठकीत बोलावून पासवर्ड मागण्यात आले. खोलीत वरिष्ठांसह पोलीस अधिकारीही होता, स्पीकरफोनवर आणखी काही जण ऐकत होते. त्याने प्रथम टाळाटाळ केली, मग जे पासवर्ड दिले ते चालले नाहीत. काही दिवसांतच त्याला अटक झाली. आश्चर्य असे की, ह्या सर्व काळात नेटवर्क क्षणभरही बंद पडले नाही. पगार निघत होते, ईमेल जात होते. बंद होते ते केवळ दार.

२१/ त्याचा बचाव निव्वळ हट्टाचा म्हणून उडवून लावता येत नाही. पासवर्ड कोणासही सांगू नये, हा नियम प्रत्येक कार्यालयात शिकविला जातो. भर खोलीत, फोनवर कोण ऐकत आहे हे माहीत नसताना तो उच्चारणे हा त्या नियमाचा भंगच ठरला असता. शिवाय सरकारी वकिलांच्या कार्यालयाने ह्याच खटल्यात शहरातील सुमारे दीडशे वापरकर्तानावे व पासवर्ड पुरावा म्हणून न्यायालयाच्या खुल्या कागदपत्रांत जोडून टाकले. चाइल्ड्सच्या शंकांना ह्याहून चांगली साक्ष कोण देणार?

२२/ परंतु विश्वासू माणसाला एकांतात पासवर्ड देण्याचा मार्ग त्याला मोकळा होता. दिवसांमागून दिवस गेले तरी त्याने तो घेतला नाही. एप्रिल २०१० मध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरविले. अधिकृत वापरकर्त्यास संगणकसेवा नाकारणे, हा तो गुन्हा. ज्युरीत एक जण स्वतः नेटवर्क अभियंता होता, आणि दोषी ठरविणाऱ्यांत तोही होता. शिक्षा ४ वर्षांची झाली, पुढे सुमारे १५ लाख डॉलरची भरपाईही. हा कायदा बाहेरच्या घुसखोरांसाठी आहे, नोकरांसाठी नव्हे, असा युक्तिवाद अपिलात झाला. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला.

२३/ इतिहासाच्या वाचकांना येथे सभासद बखरीतील गडांची व्यवस्था आठवल्याखेरीज राहणार नाही. हवालदार, सबनीस, सरनोबत अशी समान दर्जाची तीन माणसे एका गडावर, जेणेकरून एकाच्या मनात आले म्हणून गड जाऊ नये. चाइल्ड्स निष्ठावंत होता की फितूर, हा वाद आजही अभियंत्यांमध्ये रंगतो. गडाची व्यवस्था लावणाऱ्यांनी मात्र कोणाच्या निष्ठेवर गड सोडला नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोने सोडला होता, आणि ह्या प्रकरणातला मोठा दोष तोच.

२४/ ह्या कथेची उलटी बाजू घरोघरच्या राउटरमध्ये दिसते. तेथे पासवर्ड विसरल्यास उपाय सोपा. पाठीमागच्या बारीक छिद्रात टाचणी खुपसून दहाएक सेकंद दाबून धरायची. यंत्र कारखान्यातील मूळ स्थितीत जाते आणि पासवर्डही मूळचाच होतो. पण हा मूळचा पासवर्ड, वर्षानुवर्षे, एका नमुन्याच्या लाखो यंत्रांत एकच असे आणि तो माहितीपुस्तिकेत छापलेला असे.

२५/ अशा कारखानी पासवर्डचा धोका जुनाच. १९८६ साली क्लिफर्ड स्टोल ह्यांनी बर्कलीच्या प्रयोगशाळेत ७५ सेंटच्या हिशेबातील फरकावरून एका घुसखोराचा माग काढला. जर्मनीतून येणारा हा इसम ज्या चाव्या फिरवून पाहत होता, त्यांत संगणकांसोबत कारखान्यातून आलेली, कोणी न बदललेली नावे व पासवर्ड होते. २०१२ मध्ये एका अनामिक संशोधकाने तर रिकामे वा कारखानी पासवर्ड असलेली सुमारे ४,२०,००० यंत्रे परस्पर वापरून सगळ्या इंटरनेटची मोजदाद केली.

२६/ मग आला सप्टेंबर-ऑक्टोबर २०१६. 'मिराई' नावाच्या प्रणालीत साठाहून अधिक नाव-पासवर्डच्या जोड्यांची एक यादी होती. ॲडमिन-ॲडमिन, किंवा सहा वेळा आठ, असल्या थाटाची. एवढ्या यादीवर तिने लाखो कॅमेरे, व्हिडिओ-मुद्रक आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला 'डिन' ह्या कंपनीवर ह्या फौजेने केलेल्या माऱ्यामुळे ट्विटर, नेटफ्लिक्स अशी बडी संकेतस्थळे अमेरिकेत तासन्‌तास मिळेनाशी झाली. मागे कोणी शत्रुराष्ट्र असावे, अशी चर्चा होती. मिराईचे निर्माते मात्र निघाले तीन अमेरिकन तरुण, ज्यांनी २०१७ मध्ये ती रचल्याचा गुन्हा कबूल केला.

२७/ मिराई यंत्राच्या केवळ चालू स्मृतीत राही. वीज बंद करून चालू केली की ती नाहीशी होई. परंतु पासवर्ड तोच, त्यामुळे काही वेळातच ती पुन्हा आत शिरे. काही यंत्रांत तर तो पासवर्ड असा कोरलेला होता की मालकाला बदलताच येत नव्हता. चाइल्ड्सच्या यंत्रांत वीज जाणे म्हणजे सर्वनाश होता, येथे तोच तेवढ्यापुरता उतारा ठरला.

२८/ ह्यानंतर कायदा आला. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये संमत केलेला कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू झाला : नेटवर्कला दुरून जोडता येणाऱ्या यंत्राचा कारखानी पासवर्ड प्रत्येक नगासाठी निराळा हवा, नाहीतर पहिल्या वापरापूर्वी मालकाला स्वतःचा नेमावयास लावले पाहिजे. ब्रिटनमध्ये असाच नियम २९ एप्रिल २०२४ पासून अमलात आला.

२९/ म्हणून अलीकडच्या अनेक राउटरच्या तळाशी एक चिकटपट्टी असते आणि तिच्यावर त्या एकाच यंत्राचा अक्षर-अंकांचा पासवर्ड छापलेला असतो. टाचणी दाबल्यावर यंत्र आता त्या पासवर्डवर परत येते. दुरून येणाऱ्या मिराईला तो वाचता येत नाही. यंत्र हातात घेऊन उलटे करणाऱ्या कोणालाही येतो.